येसूकाकूंची पळी

येसूकाकू आमटी वाढायला आल्या की त्यांची पळी ताटापासून वीतभर उंचीवर थांबे. खाली भात वाफा टाकत असे, वर आमटी सांडायच्या बेतात असे, आणि मधल्या जागेत काकूंचा प्रश्न लोंबत असे. "बातमी?" उत्तर मिळेपर्यंत पळी वाकडी होत नसे.

कल्याणच्या मामलेदार कचेरीत मी नवा कारकून म्हणून लागलो आणि स्टेशनरस्त्यावरच्या त्यांच्या खाणावळीत पहिल्यांदा पाटावर बसलो, त्या संध्याकाळची गोष्ट. मी वर्तमानपत्रं वाचणारा माणूस. प्रश्न ऐकून मला बरं वाटलं. खाणावळीतही जगाची चौकशी होते तर! मी युरोपात पेटलेल्या लढाईची हकीकत सुरू केली. कुठलं सैन्य कुठल्या नदीपाशी अडलं आहे इथपर्यंत आलो, तेव्हा काकू म्हणाल्या, "त्या लढाईत कुणाला गडी हवाय?"

"म्हणजे?"

"कामाला माणूस हवाय का तिकडे? नाही ना? मग ती बातमी नव्हे. पुढचा!"

पळी पुढच्या ताटाकडे गेली. मी त्या दिवशी ताकभात जेवलो.

शेजारी रेल्वेच्या दवाखान्यातले कंपौंडर बसले होते. ते हळूच म्हणाले, "उद्या येताना काहीतरी घेऊन या. कुठे विटा वाहायला माणूस हवाय, कुणाची म्हैस सांभाळायचीय, काहीही चालतं. आम्ही सगळे हेच करतो. आमटी चांगली असते हो."

ते देशावरच्या दुष्काळाचं वर्ष होतं. रुळांच्या कडेकडेने माणसं घाट उतरून चालत येत होती. कसाऱ्याकडची वाट आणि कर्जतकडची वाट कल्याणला मिळते, म्हणून दोन्हीकडची माणसं आमच्याकडे येऊन थांबत. पुढे मुंबई होती, पण पुढे जायला पायांत जोर नसे. गावाने त्यांना 'वरघाटी' असं नाव दिलं. नाव दिलं की ओळख करून घेण्याचे कष्ट वाचतात.

गावाने त्यांच्यासाठी काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. एक साहाय्यकारी मंडळी स्थापन झाली. अध्यक्ष अर्थात रावबहादूर. त्यांच्याशिवाय गावात काहीच स्थापन होत नसे. माझं अक्षर बरं म्हणून मला चिटणीस नेमलं. मंडळीतर्फे रोज तलावाच्या काठी पेज वाटली जाई. रावबहादूर आल्याशिवाय वाटायची नाही, आणि त्यांचे चार शब्द संपल्याशिवाय कुणी तोंडाला लावायची नाही, असा नियम होता. रावबहादूरांचे चार शब्द कधीच चारावर थांबत नसत. पेज गार होई, तिच्यावर साय धरे, आणि मुलं त्या सायीकडे बघत परोपकाराचं महत्त्व ऐकून घेत.

काकू एकदा हा सोहळा बघायला आल्या. लाल आलवण, कमरेला कळशी, ओठ घट्ट मिटलेले. सगळं बघून झाल्यावर मला म्हणाल्या, "काय रे चिटणीस, ही पेज संपली की पुढे काय?"

"तो विषय अजून सभेपुढे आलेला नाही," मी म्हणालो.

"दया जेवणानंतर करावी, सुपारीसारखी. आधी पत्ता सांगावा. अमक्याकडे जा, तमकं काम आहे. माणूस पत्त्याने जगतो रे, पेजेने फक्त संध्याकाळ निघते."

काकू मूळच्या रत्नागिरीकडच्या. नवरा रेल्वेत लागला म्हणून कल्याणला आल्या. नवरा गेल्यावर माहेरी परत जायचं सोडून त्यांनी खाणावळ काढली, हा गावाच्या दृष्टीने त्यांचा पहिला अपराध. दुसरा अपराध तो पंगतीचा. जेवणापूर्वी एकेकाने श्लोक म्हणायचा, ही पद्धत सगळीकडे असते, काकूंकडेही होती. एका संध्याकाळी अंगणात एक घाटी माणूस येऊन उभा राहिला. त्याने जेवण मागितलं नाही, काम मागितलं. काकूंनी आत येऊन विचारलं, कुणाला माहीत आहे का कुठे काम? तेव्हा पंगतीत मालधक्क्यावरचा एक कारकून आणि पोस्टातला एक कारकून श्लोकांची चढाओढ करत होते. कुणाचं लक्ष नव्हतं. काकूंनी आमटीचं पातेलं खाली ठेवलं. "देवाला तुमचे सगळे श्लोक पाठ झालेत," त्या म्हणाल्या. "आजपासून श्लोकाच्या जागी कामाची बातमी. ज्याच्याकडे नसेल त्याने कोरडा भात खावा."

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट होती, आणि पहिले काही दिवस लोकांनी तशी नेलीही. पण कोरडा भात हा विनोद फार दिवस टिकत नाही. पंगतीत मालधक्का होता, पोस्ट होतं, कचेरी होती, रस्ते बांधणारा ओव्हरसिअर होता, दवाखाना होता, शाळा होती. गावात कुठे काय अडलं आहे हे त्या पाटांवर बसलेल्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांना ते कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

जेवणं उरकली की काकू बातम्या घेऊन अंगणात जात. तिथे जमलेल्यांना त्यांचा एकच प्रश्न असे: "हाताला काय येतं?" गाव कुठलं, शेत किती होतं, का निघालात, हे त्या विचारत नसत. एकदा मी विचारू लागलो तर मला गप्प केलं. "का निघाले ते त्यांच्या पायांकडे बघ, कळेल. तुला हकीकती ऐकायची हौस आहे, त्यांना पुन्हा पुन्हा सांगायची नाही."

पंगतीचे नियम मात्र त्यांनी मोडले नाहीत. पंगत आत, वरघाटी अंगणात. एका कारकुनाने तरीही विटाळाचा प्रश्न काढलाच, तेव्हा काकू म्हणाल्या, "तुमचा पाट आत आहे ना? मग जीभही आतच ठेवा." तो उठून गेला आणि त्याच्याबरोबर आणखी दोघेतिघे गेले. काकूंनी त्यांचे पाट भिंतीला टेकवून ठेवले. आतबाहेरची ही रेघ त्यांनी तशीच राहू दिली, हा त्यांचा भित्रेपणा की धोरण, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. त्यांना विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, "एका वेळी एकच चूल पेटवावी."

काकूंची पहिली मोठी योजना खाडीत बुडाली, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. पंगतीत बातमी आली की कोपरच्या बाजूला मिठागरावर माणसं हवी आहेत. काकूंनी काही बिऱ्हाडं तिकडे पाठवून दिली. त्यांत राही नावाची एक तरुण कोष्टीण होती. नवरा वाटेतच गेलेला, हाताला धरलेली चंद्रा नावाची मुलगी, आणि डोक्यावरच्या बोचक्यात मागाची फणी. माग आणता आला नव्हता. निदान सूत ओवायची फणी तरी असावी म्हणून ती घेऊन आली होती. ही माणसं संध्याकाळी खाडीकाठी पोचली. समोर रुंद, रिकामं, कोरडं पात्र. देशावर दुष्काळात सगळे करतात तेच त्यांनी केलं: नदीच्या पात्रात उतरायचं, पाण्यासाठी वाळूत झिरा खणायचा, तिथेच चूल मांडायची.

दुसऱ्या दिवशी मिठागराचा मुकादम पदू त्या सगळ्यांना घेऊन काकूंच्या अंगणात हजर झाला. आगरी माणूस, आवाज मुळातच मोठा, त्यात संतापलेला. "बाये, कला धारलीस यांना?" का पाठवलंस, असं तो विचारत होता. "खारीत चुली मांरल्या यांनी! भरती आयली तरी बसून बगतान! आमी पोरां वर कारली म्हनून वाचली." माणसं वाचली होती. भांडी, पीठ, बोचकी आणि राहीची फणी पाण्याने नेली होती.

काकू राहीला ओरडल्या, "अगं, पाणी येताना दिसलं नाही तुला?"

राही ओल्या लुगड्यात उभी होती. रडत नव्हती. म्हणाली, "दिसलं की मावशी. पर पानी एकदा गेलं की गेलं. माघारी येतंय व्हय कुठं?"

काकू पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "पाणी परत येतं हे मी यांना सांगितलंच नाही. ती सांगायची गोष्ट आहे असं मला वाटलंच नाही बघ."

त्या संध्याकाळी पळी मास्तरांच्या ताटावर थांबली. मास्तर म्हणजे आमच्या मराठी शाळेचे हेडमास्तर. विद्वान, सज्जन, आणि कुठल्याही गोष्टीला क्रमिक पुस्तकात आधार शोधणारे. काकूंनी त्यांना बातमी विचारली नाही. "मास्तर, उद्यापासून दुपारी शाळा सुटली की माझ्या अंगणात दुसरी शाळा. थोरांची आणि पोरांची एकत्रच. पहिला धडा भरती-ओहोटी."

"पण काकू, क्रमिक पुस्तकात तो धडा नाही."

"पुस्तक लिहिणारा खाडीकाठी झोपला नसेल. तुम्ही शिकवा."

ती शाळा मी पाहिली आहे. तिथे भरतीच्या वेळा शिकवल्या जात, आणि त्यासाठी मास्तरांऐवजी पदू येई. गोडं पाणी कुठल्या विहिरीला आणि मचूळ कुठल्या, स्टेशनातल्या कुठल्या घंटेला रुळांवरून बाजूला व्हायचं, देशावरची मापं इथे कुठल्या नावाने चालतात, कचेरीत कुणाला मुजरा केल्याशिवाय काम होत नाही आणि कुणाला केलेला फुकट जातो, हेही शिकवत. हा शेवटचा विषय माझ्याकडे होता. हे सगळं झालं की अक्षरं. काकूंचं म्हणणं असं की आपल्याला जे शिकवायची गरज वाटत नाही, ते आधी शिकवावं; बाकीचं माणूस विचारून घेतो.

मुलांना खऱ्या शाळेत घालायची वेळ आली तेव्हा मास्तर पुन्हा अडले. "पालक कोण? वस्ती कुठे? हे लिहावं लागतं."

"पालक मी. वस्ती माझं अंगण. लिहा."

थोड्याच दिवसांत शाळेत काकूंच्या पालकत्वाखाली इतकी मुलं झाली की तपासणीला आलेल्या साहेबांनी भुवया उंचावल्या. ही बाई विधवा आहे ना, एवढी मुलं कशी? मास्तर विनोदासाठी प्रसिद्ध नव्हते, पण त्या दिवशी ते म्हणाले, "साहेब, खाणावळ मोठी आहे." चंद्रा त्या मुलांपैकी. मुलींची सोय नसल्यामुळे ती ओसरीवर बसून आतला धडा ऐके, आणि आतल्यांच्या आधी तिचा पाठ होई.

राहीचं काम मात्र जमेना. विटा वाहताना तिला चक्कर येई, आणि प्रत्येक कामाला ती एकच उत्तर देई: "आमी विणनारी मानसं." अखेर कंपौंडरांनी एक बातमी आणली. दवाखान्यातल्या खाटांच्या नवारी कुजल्या होत्या आणि मुंबईहून नव्या येत नव्हत्या. राहीने नाक मुरडलं. "मावशी, आमी काठापदराची लुगडी विनली. आता खाटंची नवार व्हय?"

"खाटेवर झोपणाऱ्याला काठपदर लागत नाही गं, पाठ टेकायला जागा लागते," काकू म्हणाल्या. "आणि फणीशिवाय होतं की नाही? मग बस तर खरी. नाही आवडलं तर मी आहे शिव्या खायला."

राही बसली. अंगणातल्या दोन खांबांना सूत ताणून तिने असा पट्टा विणला की दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबाने स्वतःच्या खाटेसाठी मागवला. साहेबाने मागवल्यामुळे गावालाही ती नवार चांगली आहे हे कळलं. काकूंनी बुरुडाकडून तिच्यासाठी नवी फणी करवून घेतली. ती हातात देताना फक्त म्हणाल्या, "ही खाडीला दाखवू नकोस."

मग देशावर पाऊस झाल्याच्या बातम्या आल्या आणि रावबहादूरांना एक कल्पना सुचली. वरघाटी लोकांना खास गाडीने परत पाठवायचं. ठाण्याहून कलेक्टरसाहेबांना बोलवायचं. फलाटावर कमान, बँड, हारतुरे. कृतज्ञ जनांनी साहेबांना आणि मंडळीला दुवा देत गाडीत बसायचं. कृतज्ञ जनांना विचारावं हे कुणाला सुचलं नाही. गावात ज्याची कुणाशी ओळख नाही तो प्रत्येक घाटी माणूस गाडीत बसेल, असा ठराव झाला. तो मीच सुवाच्य अक्षरात लिहिला.

रावबहादूर स्वतः खाणावळीत आले. जोडे बाहेर काढले, पण पागोटं ताठ होतं. "काकू, तुमच्या अंगणातल्या मंडळींना तयार ठेवा. आपापल्या घरी जातील बिचारी."

"घर आहे का, विचारलंत?"

"गाव तर आहे."

"ज्याला जायचंय त्याला मी भाकरी बांधून देईन. पण ही राही कुणाकडे जाईल? नवऱ्याच्या राखेकडे? इथे तिच्या हाताला काम आहे, पोरगी शाळेत जाते."

"सगळ्यांना एकच न्याय हवा. यांना इथे ओळखतं कोण?"

"ओळखीचाच प्रश्न आहे ना?" काकू म्हणाल्या. "बरं."

त्यांचं ते 'बरं' मला ठाऊक होतं. रावबहादूरांना नव्हतं; ते समाधानाने जोडे घालून गेले.

त्या संध्याकाळी काकूंनी आधी सगळ्यांना पोटभर वाढलं, बातमी न विचारता. आम्ही अस्वस्थ झालो. मग त्या म्हणाल्या, "परवा पंगत फलाटावर. साहेबासमोर. तुम्ही ज्याला ज्याला कामाला लावलंत त्याचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, मी ओळखतो."

ओव्हरसिअर म्हणाला, "काकू, आम्ही सरकारी नोकर. साहेबासमोर, रावबहादूरांच्या विरुद्ध..."

"विरुद्ध कोण बोलायला सांगतंय? ओळखता की नाही एवढंच सांगायचं. खोटं बोलायचं असेल तर नका येऊ."

"आमच्या नोकऱ्या गेल्या तर?"

"तर अंगणात या. मी विचारीन हाताला काय येतं," काकू म्हणाल्या. "तुम्ही लोक काय सांगू शकाल, हे मात्र मला दिसत नाही."

ठरल्या दिवशी फलाटावर आंब्याच्या पानांची कमान होती. बँड ठाण्याहून आला होता आणि एकच चाल वाजवत होता. रावबहादूरांचं इंग्रजी भाषण पाठ होतं; साहेबाचा चेहरा पाहता त्यालाही ते ओळखीचं वाटत असावं, कारण अशी भाषणं तो प्रत्येक तालुक्यात ऐकत असे. घाटी माणसं एका बाजूला उभी केलेली, गळ्यात झेंडूच्या माळा. राहीच्या एका हातात चंद्रा होती, दुसऱ्या हातात फणी. मी चिटणीस म्हणून साहेबाच्या मागे उभा होतो.

भाषण रंगात आलं असताना कमानीखालून येसूकाकू आल्या. डोक्यावरून ओढलेलं आलवण, हातात पळी. विधवा बाई साहेबाच्या वाटेत येते आहे हे पाहून लोक चरकले. शिपाई पुढे झाला आणि पळी पाहून का कोण जाणे थांबला. काकूंच्या मागे आमची पंगत होती. सगळी नव्हे. ओव्हरसिअरला अचानक ताप आला होता. पण बरेचजण होते, आणि अंगावर सगळ्यांच्या कचेरीत घालायचे अंगरखे होते.

काकूंनी त्यांना ओळीने उभं केलं आणि रिकामी पळी कंपौंडरांच्या छातीसमोर धरली. "बातमी?"

बँड थांबला. रावबहादूर थांबले. काकूंची पळी हलली नाही. आमटी नसतानाही ती सांडेल असं मला वाटत होतं.

"राही," कंपौंडर म्हणाले. आवाज चिरकला, मग सुधारला. "कोष्टीण. दवाखान्यातल्या खाटांची नवार तिची आहे. मी ओळखतो."

पळी पुढे सरकली. मास्तर म्हणाले, "चंद्रा, राहीची मुलगी. दुसरं पुस्तक वाचते. पुढच्या वर्षी तिसरं वाचेल. मी ओळखतो." मालधक्क्याने चार हमालांची नावं घेतली. पोस्टाने एका धनगराचं घेतलं, जो आता टपालाची थैली घेऊन मुरबाडच्या रस्त्याने पळत असे. पदू आगरी पंगतीत कधी बसला नव्हता; तो ओळीच्या टोकाला आपणहून येऊन उभा राहिला आणि पळी समोर यायच्या आधीच ओरडला, "मिठागरावरची समदी माजी हान! आता भरती वळखतान!"

साहेब माझ्याकडे वळला. हे काय चाललं आहे?

मी सांगितलं, "साहेब, आमच्याकडे जेवणापूर्वी श्लोक म्हणायची पद्धत आहे."

मग पळी माझ्यासमोर आली आणि मला उरलेला अर्थही सांगावा लागला. साहेबाने ऐकून घेतलं. त्याचा प्रश्न साधा होता: ज्यांना काम आहे, ज्यांची मुलं शाळेत आहेत, त्यांना सरकारी गाडीने दूर न्यायचं कशासाठी? रावबहादूरांनी पागोटं सावरलं आणि सांगितलं की हाच तर आमच्या मंडळीच्या कार्याचा मुकुटमणी आहे, आणि तो साहेबांना शेवटी दाखवायचा होता.

गाडी गेली ती जवळजवळ रिकामी. ज्यांना जायचं होतं ते काकूंच्या भाकऱ्या घेऊन गेले. परत येताना मी चिडून म्हणालो, "सगळं श्रेय त्यांनी घेतलं, काकू."

"घेईना का. नाव त्यांचं, माणसं आपली. नाव काय करायचंय मला, लोणच्यात घालू?"

पंगतीला त्याची किंमत पडली. मालधक्क्यावरच्या कारकुनाची बढती राहिली. माझी बदली मुरबाडला झाली. हवापालटासाठी, असं मला सांगण्यात आलं. ताप उतरल्यावर ओव्हरसिअर जेवायला आला, तेव्हा काकूंनी त्याला वाढलं, पण पळी त्याच्या ताटावर पुन्हा कधी थांबली नाही. बातमी न विचारता त्याला आमटी मिळत राहिली. काही महिन्यांनी तो स्वतःच खाणावळ सोडून गेला.

मी पेन्शन घेऊन कल्याणला परत आलो तेव्हा काकू थकल्या होत्या. राहीचे चार माग झाले होते. चंद्रा पुण्यास शिकून ठाण्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली होती, आणि मास्तर ही गोष्ट आपण पहिल्यापासून ओळखली होती असं सांगत. मुंबईत तेव्हा गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, पसरला होता आणि माणसं पळून येत होती. या खेपेला गावाने पेजही काढली नाही. स्टेशनावर पहारा बसवला. अंथरुणावरून काकू मला म्हणाल्या, "घाबरायचं तर घाबरा रे, रोग वाईटच आहे. पण घाबरून माणसाला हाकलायचं आणि घाबरून वेगळी झोपडी बांधून द्यायची, यात फरक आहे की नाही?" हे त्यांचं मी ऐकलेलं शेवटचं मोठं वाक्य. त्या गेल्या त्या म्हातारपणाने, सकाळी, आमटीला फोडणी कुणी दिली आहे याची चौकशी करत.

दहाव्याला आम्ही खाडीकाठी जमलो. कोकणातून आलेल्या पुतण्याने पिंड मांडला. कावळा शिवेना. पुतण्याने खाणावळ चालू ठेवण्याचं कबूल केलं. कावळा हलला नाही. रावबहादूर आता नव्हते, पण त्यांचे चिरंजीव आले होते. त्यांनी काकूंच्या नावाची संगमरवरी शिळा बसवायचं वचन दिलं. कावळा होता त्या फांदीवरून उठला आणि लांबच्या फांदीवर जाऊन बसला. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, पण हे मी पाहिलं.

बायकांनी घाटावर यायचं नसतं म्हणून राही वर रस्त्यावर उभी होती. अचानक तिची किंकाळी ऐकू आली. "अवो, उठा! पानी येतंया! हितलं पानी माघारी येतं!" आणि ती, पिकल्या केसांची बाई, लुगडं खोचून खाडीत धावत सुटली.

वळणापलीकडे पात्रात एक बिऱ्हाड बसलं होतं. नवरा, बायको, म्हातारी, दोन मुलं, ट्रंक, गाठोडी. मूळचे देशावरचे, गिरणीत कामाला. पहारा चुकवून रुळांनी आले होते आणि कोरडी जागा पाहून टेकले होते. मुंबईत राहून त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. गिरणी पाहिली होती.

आम्ही सगळे पाण्यात शिरलो. मास्तर सत्तरीचे, कमरेपर्यंत भिजून म्हातारीला हात देत होते. वर आणल्यावर सगळे भानावर आले. ही मुंबईची माणसं होती, आणि आम्ही त्यांना शिवलो होतो. रावबहादूरांचे चिरंजीव कोरडे होते, ते लांबूनच म्हणाले, "यांना पहाऱ्यावर दिलं पाहिजे. यांना इथे ओळखतं कोण?"

"मी ओळखतो," मास्तर म्हणाले.

"केव्हापासून?"

"आत्तापासून."

"माझी वाडी गावाबाहेर आहे, रिकामी," कंपौंडर म्हणाले. "पंधरवडा तिथे वेगळी राहतील. रोज मी बघीन. मीही ओळखतो." मी काय म्हणालो ते सांगायची गरज नाही, कल्याणच्या त्या पंगतीत बसलेल्या माणसाला दुसरं उत्तर येत नव्हतं.

राहीने म्हातारीच्या अंगावर आपला पदर टाकला होता. ती गिरणीतल्या त्या माणसाकडे वळली. त्याला अजून धाप लागलेली, आणि आता आपल्याला कुठे नेणार या भीतीने तो सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता. राहीने त्याला गाव विचारलं नाही, नाव विचारलं नाही.

"हाताला काय येतं रं?" ती म्हणाली.

मागे भटजी ओरडत होते. आम्ही वळून पाहिलं. दर्भावर पिंड नव्हता. कावळा केव्हा आला आणि केव्हा गेला, हे आमच्यापैकी कुणीच पाहिलं नाही. सगळ्यांची पाठ तिकडे होती.